करंज्यांखालचा कागद

आमच्या इस्लामपुरात शिलाई मशीन बिघडली की लोक शांतवन वायदंडेकडे जातात. मशीन टाका सोडत असेल, दोरा तोडत असेल, नुसतीच घरघरत असेल, शांतवन तिला कान लावतो आणि मग हात घालतो. बोलत मात्र नाही. गिऱ्हाईकानं काय बिघडलंय विचारलं तर म्हणतो, "बघू." दुसऱ्या दिवशी मशीन चालू होते आणि काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. माझं वह्या-पेनांचं दुकान त्याच्या समोरच, त्यामुळं हे 'बघू' मी आयुष्यभर ऐकत आलोय. माणूस सोन्यासारखा, पण जीभ देताना देवानं हात आखडता घेतला, असं मी त्याला तोंडावर म्हणतो. तो हसतो. हसायलाही त्याला जरा वेळच लागतो.

त्याच्या दुकानाला भिंत लागून दिलावर पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान, आणि दुकानामागंच दिलावरचं घर. दिलावर म्हणजे शांतवनाचं अगदी उलटं टोक. कापूस पिंजता पिंजता सगळी बाजारपेठ पिंजून काढायचा. एक बोलायचा आणि एक ऐकायचा, म्हणूनच त्यांचं इतकी वर्षं जमलं. नाताळला शांतवनाच्या घरून फराळाचं ताट दिलावरकडं जायचं, ईदला दिलावरच्या घरून शिरखुर्म्याचं पातेलं इकडं यायचं. रिकामं भांडं कुणी परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हा दोन्ही घरांचा रिवाज. ताट नेहमी एकच असायचं. शांतवनाच्या बायकोचं, रूथचं नाव कोरलेलं.

रूथ कोरोना ओसरल्यावरच्या वर्षी गेली. पोटाचं दुखणं होतं. ती गेली तेव्हा दिलावरनं आठवडाभर दुकान उघडलं नाही, शांतवनाच्या पायरीवर येऊन नुसता बसायचा. ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं तो माणूस गप्प बसलेला मी तेव्हाच पाहिला. शांतवनही गप्प होता, पण त्याचं काय नवल.

गेल्या दिवाळीनंतर दिलावर स्वतः अंथरुणाला खिळला. जन्मभर कापसाची धूळ छातीत गेलेली. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली, नाकात नळी आली, बोलणं तुटक झालं. शांतवन अधूनमधून दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसायचा. नाताळला महिनाभर असताना अशाच एका दुपारी दिलावरनं त्याला विचारलं, "गड्या, तुमच्यात मानूस जाताना भेत न्हाई म्हंत्यात. खरं हाय व्हय रं? रूथवहिनी कशी गेली?"

आता इथं एक सांगायला पाहिजे. हाच शांतवन रविवारी चर्चमध्ये गातो तेव्हा त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. प्रार्थना करायला सांगा, डोळे मिटून सरळ करतो. पण ते त्या चार भिंतींच्या आत. बाजारात कुणी त्याच्या प्रभूचं नाव काढलं की याच्या कपाळावर घाम. दिवस असे आहेत की एक वाक्य बोलावं आणि लोकांनी त्याची चार करावीत, हे मलाही कळतं. पण दिलावर काही लोकांतला नव्हता. त्याच्यापुढं शांतवनाला भीती वेगळीच होती. बोललो आणि त्याला वाटलं, की एवढ्या वर्षांची दोस्ती याच्यासाठीच होती, तर काय करायचं? मित्र शेवटच्या घटका मोजतोय आणि आपण त्याचा धर्म काढतोय, असं त्याला वाटलं तर?

म्हणून शांतवन म्हणाला, "दुपारची गोळी घेतलीस का?"

दिलावर म्हणाला, घेतली. विषय मिटला.

नाताळच्या आधी त्यांच्या चर्चच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं, की सुवार्ता, म्हणजे प्रभूची वार्ता, सांगणं हे एकट्या पाळकाचं काम नव्हे. प्रत्येकानं निदान एका तरी माणसाला साक्ष द्यावी, आपल्या आयुष्यात प्रभूनं काय केलं ते आपल्या तोंडानं सांगावं. मग दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांना त्या सुवार्तेच्या छापील पत्रिका वाटल्या. सगळ्यांनी घेतल्या तशी शांतवननंही एक घेतली, आणि त्याला दिलावरच आठवला. मनात ते गोळीचं उत्तर काट्यासारखं रुतलेलं होतंच.

पुढं त्यानं जे केलं ते जगात फक्त शांतवनच करू जाणे. नाताळच्या सकाळी त्याची सून दिलावरकडचं ताट भरत होती. तिला त्यानं काहीतरी आणायला आत पाठवलं, पत्रिकेची घडी ताटाच्या तळाशी ठेवली आणि वर करंज्या रचल्या. करंज्यांवर चकल्या, चकल्यांवर रूथनं विणलेला क्रोशाचा रुमाल. विचार असा, की ताट आत जाईल, फराळ संपेल, कागद निघेल, ते लोक वाचतील, आणि तेव्हा आपण तिथं नसू. साक्षही होईल आणि तोंडही उघडायला नको. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण यानं तर भांड्यात ताक लपवलं.

दिवसभर त्याला बरं वाटलं असावं. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन, न विचारता, स्वतःहून केक देऊन गेला. शांतवन स्वतःहून काही देतोय म्हणजे खुशीत आहे, हे मी ओळखलं.

दोन-तीन दिवसांनी दिलावरची बायको, जन्नतबी, ताट घेऊन त्याच्या दुकानात आली. एरवी ताट कुणाच्याही हाती यायचं. ती स्वतः आलेली पाहून मीच गल्ल्यावरून उठून उभा राहिलो, मला वाटलं, दिलावरचं काही झालं. तसं नव्हतं. तिनं ताट त्याच्या मशीनवर ठेवलं. ताटात साखर होती. दुसऱ्या हातात स्वच्छ फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तिनं ते सोडलं. आत ती पत्रिका होती. तेलाचे डाग तिनं पिठानं टिपून घेतले होते, तरी कागद पारदर्शक झालेला दिसत होता.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर शांतवन सुटला असता.

"भावजी, ह्ये तुमच्या ताटात खाली गेलं व्हतं," ती म्हणाली. "देवाच्या नावाचा कागद हाय. खान्याच्या खाली आमी ठेवत न्हाई. म्हनून पुसून वर फळीवर ठेवला व्हता."

शांतवन मेल्याहून मेल्यासारखा झाला. चुकून गेला असेल, असं म्हणायची सोय तिनं ठेवली होती. त्यानं ती घेतली नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला पाहिजे. तो म्हणाला, "मीच ठेवला व्हता."

ती म्हणाली, तिला ठाऊक होतं. तिच्या सुनेनं, अर्फानं, तो कागद दिलावरला वाचून दाखवला होता. दिलावरनं पुरता ऐकला. मग म्हणाला, की कागद चांगला आहे, पण शांतवन कुठाय?

कागद फडक्यासकट तिथंच राहिला. शांतवन दुकान तसंच उघडं टाकून तिच्या मागं गेला. पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं.

दिलावरनं त्याला खाटेवर बसायला जागा केली आणि म्हणाला, बोल. शांतवननं पत्रिकेतलं काहीतरी आठवून सुरुवात केली. चर्चमध्ये धडाधड येणारी वचनं इथं उलटसुलट व्हायला लागली. दिलावरनं हात हलवला. म्हणाला, ते ऐकलंय, तुझं सांग. मी वहिनीचं विचारलं होतं.

मग शांतवननं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, चर्चच्या बाहेर, दुपारच्या उजेडात.

"रूथ भ्याली न्हाई. मीच भ्यालो. तिचा हात घट्ट धरून बसलो व्हतो. ती म्हनली, एका बाजूनं तुमी धरलाय, दुसऱ्या बाजूनं प्रभूनं धरलाय. तुमी सोडला तरी चालंल आता. मग मी सोडला, दिलावर. तवापासनं मला मरनाचं भ्या वाटत न्हाई."

दिलावरनं नाकातली नळी नीट केली. दम धरून धरून बोलला.

"ह्ये तुज्याकडं व्हतं? आन मी आठवडाभर तुज्या पायरीवर बसलो, तू कायच बोलला न्हाईस. मागं इचारलं तर गोळीचं काढलंस. मला वाटलं, ह्याच्याकडं बी काय न्हाई. मग मी आपला गप पडून ऱ्हायलो."

त्या दिवसापासून शांतवन रोज दुपारी दुकानाची फळी लावून त्याच्याकडं जायचा. दिलावर त्याच्या रिवाजाप्रमाणं आपल्या अल्लाचं नाव घ्यायचा, शांतवन शेजारी बसून आपल्या प्रभूचं. शांतवन आता बोलायचा. रूथचं बोलायचा, स्वतःचं बोलायचा, विचारलं तेवढं सगळं सांगायचा. दिलावरला दम नसायचा म्हणून ऐकायची पाळी आता त्याची होती. दिलावर मुसलमान म्हणूनच गेला. त्यात कुणाची हार नाही, असं शांतवन म्हणतो, आणि मला वाटतं ते खरं आहे.

जानेवारी संपता संपता तो गेला. कबरस्तानात शांतवननं माती दिली, घरी आला, आणि मशीनपुढं न बसता माझ्या दुकानात येऊन बाकावर बसला. तेव्हा हे सगळं त्यानं मला सांगितलं, खाली मान घालून. मी त्याची समजूत काढायला गेलो. म्हटलं, उशिरा का होईना, शेवटी तोंड उघडलंस, त्याला ऐकवलंस, हे काय थोडं झालं?

शांतवननं मान वर केली नाही.

"म्हैनाभर त्यो एकटा भेत पडला व्हता, लालासाहेब," तो म्हणाला. "आन मी भिंतीपल्याड मशिनी दुरुस्त करत व्हतो."