चौफुल्यापर्यंत

आफ्रिकेहून निघालेली आमची शिडाची होडी गोव्याजवळ अडकली. वारा थेट तोंडावर, आणि तसल्या वाऱ्यात होडी सरळ घुसत नाही. मी आणि सोबतचा खलाशी शिडं या अंगाची त्या अंगाला घेत नागमोडी चाललो होतो. दोर ओढून हात सोलले, तरी किनारा तिथंच. प्यायचं पाणी तळाला गेलेलं. मी सुकाणूला लाथ घातली आणि सॅटेलाइट फोनवरून वरवंडला घरी फोन लावला.

"कुठवर आलास रं?" आईनं विचारलं.

पुण्याहून एसटीनं येतानाही ती हेच विचारायची. घराअलीकडचा चौफुला आला म्हटलं, की भाकरीसाठी तवा ठेवायची.

होडीचं नाक गोव्याकडंसुद्धा नव्हतं.

"चौफुल्याला," मी म्हणालो.

ती म्हणाली, "ठिवते तवा."