दातानं ऐकलेली गाडी

"भैऱ्याला गाडीतलं काय कळतंय?" असं म्हणणाऱ्याच्या तोंडात मी एक दिवस तापलेला सायलेन्सर कोंबणार हाय, सांगून ठेवतो. आणि बाई असून 'सांगून ठेवतो' म्हणतो म्हणून दात काढू नका. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलत्यात.

मी शालूबाई, केरबा मिस्त्रीची बायको. उद्यमनगरात लेथच्या दुकानाला लागून पत्र्याचं ग्यारेज हुतं, ते आमचं. आता तितं कुणीतरी पंक्चर काढतंय.

ह्येंचं कान ल्हानपणापास्नं फुटायचं. सासूनं लसणाचं तेल घातलं, देवरुशी केला, अंगारा लावला, डाक्टर तेवढा केला न्हाय. शहाण्णव सालापतूर दोन्ही कान बंद. मिस्त्रीला इंजनाचा आवाजच ऐकू येईना म्हणल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबतंय? पलीकडच्या गल्लीतलं मिस्त्री खूश. "केरबा, आता म्हशी राख," असं तोंडावर म्हणायचं, त्येंला कळत न्हाय म्हणून. मला कळत हुतं की! मी एकाच्या अंगावर काळं ऑइल फेकल्यालं हाय.

आता बघा, सगळं मिस्त्री काय करत्यात? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजनावर टेकवत्यात आणि मूठ कानाला लावत्यात. आत काय खडखडतंय ते कळतंय. ह्येनी एक दिवस वैतागून ती लाकडी मूठ कानावरनं काढली आणि दातात धरली. धरली ती धरलीच. डोळं असं मोठं झालं की मला वाटलं करंट बसला. धावत गेलो तर माणूस रडालाय. "शालू, ऐकू याय लागलं गं. टॅपेट वाजालंय." हाडातनं आवाज डोक्यात जातोय, असं मग एका डाक्टरनं सांगितलं. आमाला त्येच्या आधीच कळल्यालं.

मग ह्येंचं नाव झालं. जुनी गाडी घ्यायची म्हणल्यावर कोल्हापुरातलं माणूस पयलं इचारायचं, "केरबाला दावली का?" ह्येंची पद्धत ठरल्याली. सकाळी सातला जायाचं, गाडी मालक उठायच्या आत. बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर तितनंच माघारी. "गरम करून दावत्यात त्येंची गाडी थंडीत सुरू हुत न्हाय," म्हणायचे. मग ऑइलचं झाकण, मग खालचं म्याट उचलायचं, मग शेवटाला तोंडात स्क्रूड्रायव्हर. लोकं हसायची. हसूंद्यात. त्याच लोकांच्या गाड्या ह्येंच्या दातावर पास झाल्यात.

एकच भानगड हुती. आपला आवाज केवढा निघतोय ते ह्येंला कळायचं न्हाय. एकदा एका मास्तरच्या दारात गाडी बघितली आणि माझ्या कानात हळूच सांगितलं, "इंजन भंगार हाय." हळूच म्हणजे ह्येंच्या हिशोबानं! आख्खी गल्ली दारात आली. मास्तरच्या पोरानं पाना उगारला. तवापास्नं ठरलं, विकणाऱ्याच्या दारात ह्येनी तोंड उघडायचं न्हाय. गाडी चांगली असली तर हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकायचं, वाईट असली तर झटकून खिशात कोंबायचं. मी बघायचं आणि घेणाऱ्याला सांगायचं; घेणारा काय म्हणतोय ते हे माझ्या ओठावरनं वाचायचे. धा वर्सं मी त्येंचं तोंड हुतो. एक शबूद हिकडचा तिकडं केला न्हाय. कुरुंदवाडला जाईपतूर.

ह्येंचा धाकटा भाऊ आकाराम कोडोलीत ऱ्हातोय. दुधाच्या डेअरीत कामाला. त्येची बायको अंजना, माझी जाऊ. तिची किडनी गेल्ती. आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरला आणून रक्त धुवून घ्यायचं. जाताना ठीक, पण येताना तिचा पार चोथा झाल्याला असायचा. एस.टी.त जागा मिळायची न्हाय. एकदा उभ्या-उभ्या वकली, तर एक बाई म्हणली, "अगं लांब हो की जरा." आकारामनंच मला हे सांगितलं.

दोन हजार सहा सालच्या शिमग्याच्या आधी तो ग्यारेजवर आला. म्हणला, "वैनी, दादाला सांग. मला मिरवायला गाडी नको. नवी परवडायची न्हाय. पण मधी थांबणारी नको. मधी थांबली तर अंजना संपली." कुरुंदवाडच्या वीरभद्रआप्पाकडं 'शिकरा' हाय म्हणाला.

शिकरा तुमच्या ध्येनात असंल-नसंल. अंगानं बारकी, तोंडानं जीप, मागं टायर लटकावल्यालं. चार साली कंपनीनं ती बंद केली. बंद झाल्या झाल्या लोकांनी अशी विकाय काढली, जसा काय घरात साप निघाला. मी म्हणलं, बंद पडल्याली गाडी कशाला? पण हे म्हणले, "बंद पडली म्हणून गाडी वाईट नसती. शिकऱ्याचं इंजन, पंप, ब्रेक दुसऱ्या चालू गाडीचंच हाय, उद्याबी मिळंल. वायरिंग तेवढं तिचं तिलाच. ते गेलं तर पुण्या-मुंबईतबी मिळायचं न्हाय. वायरिंग नीट असंल तर डोळं झाकून घे."

तिघं पयल्या एस.टी.नं गेलो. आप्पाचं भुसाराचं दुकान, मागं घर. कपाळावर भस्माचं तीन पट्टं, तोंडात साखर. त्येंच्या बायकोनं, शांतादेवीनं, दारातच हात धरला. "बर्री अक्का, बर्री," म्हणजे कानडीत या, या. मला सरळ आत नेऊन पाटावर बसवलं. आकारामनं भाईर आप्पाला इचारल्यालं मी ऐकलं, "गेल्या सालच्या पुरात गाडी कुटं हुती?" आदल्या साली कुरुंदवाड पाण्यात हुतं, ते काय कुणाला सांगाय नको. आप्पा म्हणला, "गाडी मिरजेला हुती, पावण्याकडं. थेंब लागला न्हाय बघा."

भाईर ह्येंचं काम सुरू झालं. दारातनं मला दिसत हुतं. बॉनेट थंड. मान डोलली. गाडी सुरू केली, दातात स्क्रूड्रायव्हर, डोळं मिटल्यालं. हसले. इंजन गोड हुतं, मला तितनं कळालं. मग ह्येनी डायवरच्या सीटचा पट्टा भाईर वढला. सगळं जण हातभर वढत्यात आणि सोडत्यात. हे वढतच गेले, पार मुळापतूर. खाली पट्ट्यावर पिवळी रेघ हुती, पाणी चढून उतरल्याली. मग सीटखाली हात घातला, डॅशबोर्डच्या मागं घातला. बोटं भाईर आली ती काळी. नदीचा गाळ, वाळल्याला. नव्या सीटकव्हरच्या आणि उदबत्तीच्या वासाखाली आख्खी पंचगंगा बसल्याली.

ह्येनी माझ्याकडं बघितलं. फडकं झटकलं आणि खिशात कोंबलं.

आणि त्याच टायमाला शांतादेवी माझी वटी भरत हुती. खण, नारळ, तांदूळ. वर म्हणली, "अक्का, तुमच्या जावेचं ऐकलं. मी रोज तिच्यासाठी दिवा लावीन. गाडी तिला लाभू दे." खोटं बोलत न्हवती ती. नवऱ्यानं काय केलंय, तिला ठाऊक असंल असं मला अजूनबी वाटत न्हाय. मी पदरात नारळ धरून भाईर आलो. आप्पा, आकाराम, शेजारची चार माणसं, सगळी माझ्या तोंडाकडं बघालीत. शांतादेवीनंच मागनं इचारलं, "काय अक्का, पसंत पडली न्हवं?"

आता सांगा, भरल्या वटीनं त्याच दारात उभं ऱ्हाऊन 'तुमची गाडी गाळातली हाय, तुमचा मालक लबाड हाय' असं कोण म्हणंल? तुमी म्हणाल? मग म्हणा जावा. माझी जीभ वळली न्हाय. मनात म्हणलं, आता गोड बोलू, एस.टी.त बसल्यावर आकारामला खरं सांगू. हे पाठमोरं वाकून बॉनेट लावत हुते, माझं ओठ त्येंला दिसत न्हवतं. आणि मी म्हणलो, "बरी हाय म्हणत्यात."

एवढंच. तीन शबूद.

आकाराम असला उतावळा, त्येनं तितल्या तितं खिशातनं इसार काढून आप्पाच्या हातावर ठेवला. आप्पानं त्येच्या तोंडात पेढा घातला. शबूद दिला, झालं! आमच्यात इसार दिल्यावर माघार घेणारा माणूस माणसात गणत न्हाईत. येताना एस.टी.त ह्येंला पार म्होरं जागा मिळाली, मागं आकाराम मला म्हणत हुता, "वैनी, आता अंजनाला झोपवून आणणार. मागच्या सीटवर उशी टाकून." मी तोंड उघडलं आणि मिटलं. कोडोलीकडं जायाचा फाटा आला, तो उतरून गेला, माझं सांगायचं ऱ्हायलं.

रात्री ह्येनी इचारलं, "सांगितलंस न्हवं त्येला?" मी मान हलवली. व्हय म्हणून. "मग?" म्हणले. मी म्हणलं, "घेतली तरी." ह्येंच्या तोंडावरनं रंगच गेला. माझ्या सख्ख्या भावानं माझा शबूद पायाखाली घातला, एवढंच म्हणले. त्येनंतर चार म्हैने भावाशी बोलले न्हाईत. आकाराम दोनदा गाडी घिऊन दावाय आला, हे पाठ करून बसले. आकारामला वाटलं, दादाला आपलं बरं चाललेलं बघवत न्हाय. आणि मी दोघांस्नी चहा करून देतोय! थू माझ्या जिनगानीवर.

आषाढात पावसाची झड लागली. गाळाच्या ओलीनं वायरी आतल्या आत कुजल्याल्या. एका सकाळी आकाराम अंजनाला घिऊन निघाला आणि वाघबीळच्या उतारावर गाडी मेली. लाइट न्हाय, वायपर न्हाय, स्टार्टर न्हाय. दोन तास अंजना मागच्या सीटवर, पावसात एक वाहन थांबंना. शेवटाला दुधाच्या टेंपोत कॅनांच्या मधी घालून आणली. रक्त धुवायला उशीर झाल्यानं अंगातलं पाणी फुफ्फुसात गेल्यालं. दवाखान्यात नऊ दिस काचेमागं ठेवली. वाचली. पण त्या नऊ दिसांत आकाराम पार म्हातारा झाला.

धाव्या दिशी तो ग्यारेजवर आला. गिऱ्हाईकं हुती, लेथवाला हुता, चहाचा गाडा हुता. भररस्त्यात उभा ऱ्हाऊन बोंबलला, "भैऱ्या! तूच म्हणलास बरी हाय! तुझ्या दातावर इस्वास ठेवला आणि माझी बायको टेंपोत घातली! ऐकू येत न्हाय तर बघतोस कशाला लोकांच्या गाड्या? गिऱ्हाइकांनो, जावा, ह्यो फसवतोय!" आणि असल्या शिव्या, की मी इथं सांगणार न्हाय.

हे ओठ वाचत्यात. सगळं न्हाय, पण "तूच म्हणलास बरी हाय" एवढं वाचलं. मग हळूहळू मान माझ्याकडं वळली. मी तितंच खांबाला धरून उभा. धा वर्सात ह्येनी माझं तोंड वाचल्यालं, त्या दिवशी मी तोंडच उघडलं न्हाय तरी वाचलं.

मी म्हणणारच हुतो. देवाशपथ. "आकाराम," म्हणून दोन पावलं म्होरं गेलोबी. तर ह्येनी मला हातानं मागं सारलं. जोरात. आणि आख्ख्या उद्यमनगराला ऐकू जाईल असं म्हणले, "चूक माझी हाय. मला नीट ऐकू आलं न्हाय. आता इथनं म्होरं कुणाची गाडी बघणार न्हाय."

लेथवाल्यानं मशीन बंद केली. आकाराम थुंकला आणि गेला. दुसऱ्या दिवशीपास्नं ग्यारेजला कुत्रं आलं न्हाय. त्यावरच तर ते मिस्त्री अजून म्हणत्यात, भैऱ्याला काय कळतंय! अरे मुडद्यांनो, त्येनं पट्ट्याची रेघ शोधली, डॅशबोर्डामागचा गाळ शोधला. तुमच्या चांगल्या कानांच्या बापजन्मात जमंल का?

घरात गेल्यावर मी पातेलं आपटलं. त्येंच्या म्होरं जाऊन उभा ऱ्हायलो, ओठ दिसावं म्हणून. "कशापायी?" म्हणलं. "कशापायी अंगावर घेतलासा? मी काय लंगडी हाय? माझं पाप मी निस्तरलं असतं! तुमचं नाव गेलं, धंदा गेला, भाऊ गेला. कुणी सांगितल्याला तुमाला शाणपणा?"

हे हात धूत हुते. बोटाच्या कडंचं काळं निघत न्हवतं, ते घासत हुते. बघितलं माझ्याकडं आणि म्हणले, "आक्यानं शिव्या घातल्या, मला एकबी ऐकू आली न्हाय. तुला सगळ्या आल्या असत्या."

आणि जेवायला वाढ म्हणले. असल्या माणसावरचा राग कसा जाईल? माझा अजून गेला न्हाय.