लोकल कॉपीवरचं ‘येतंय’

आधीच सांगून टाकतो, मी मालवणकडचा असलो तरी भुताखेतांच्या बाबतीत ठार कोरडा आहे. गावी भुतांच्या गजाली, म्हणजे गप्पा, रंगल्या आणि कुणाची बॅटरी वाटेत आपोआप विझल्याचं निघालं की बाकीची पोरं एकमेकांना चिकटून बसायची आणि मी शेंगा सोलत म्हणायचो, ‘बॅटरीचे सेल संपले असतील त्याच्या.’ वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. त्यात काही बिघडलं की कारण असतंच, आणि बहुतेक वेळा ते कारण मीच असतो. तरीही एका गिऱ्हाइकाच्या साइटची जुनी लोकल कॉपी मी लॅपटॉपवर जीव लावून जपतोय... बायको विचारते, ‘त्यांचं काम संपलं ना कधीच?’ तिला काहीतरी थातूरमातूर सांगतो. खरं ते इथे लिहितो.

गेल्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला होता. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून सगळी बिऱ्हाडं निघून गेली होती. पहिल्या मजल्यावरची एकवीस नंबरची खोली आमची. आई गेल्यापासून बंदच. चार वाजता कमिटीच्या सावंतकाकांना किल्ली द्यायची, एवढंच काम होतं. पण पाचला गिरगावातल्या एका वैद्यांना त्यांच्या साइटचं नवं पान दाखवायचं होतं, म्हणून दोन वाजताच रिकाम्या खोलीत जाऊन, दार लोटून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो.

लोकल कॉपी म्हणजे साइटची आपल्या लॅपटॉपवरची नक्कल. तिथे कितीही मोडतोड करा, जगाला दिसत नाही. साइट इंग्रजीत, आणि मराठी करायला एक प्लगइन. हे प्लगइन स्वतः काडीचं भाषांतर करत नाही. इंग्रजी शब्द नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं आणि तिकडून आलेली मराठी साठवून ठेवतं. नेट नसेल तर जुने शब्द मराठीत दिसतात, नवा शब्द इंग्रजीतच राहतो. आमच्या खोलीत नेट नव्हतं. मोबाइलची रेंजही कधी नसायची, गॅलरीत जावं लागायचं.

वैद्यांशी व्हिडिओवर बोलून झालं की पेशंटने बाहेर पडायचं, त्यासाठी मी एक नवं बटण टाकलं — ‘लीव्ह’. मराठी पान उघडलं. बटणावर लिहिलं होतं — ‘येतंय’.

मला वाटलं, ‘लवकरच येत आहे’ असं काहीतरी मशीनने ठोकलंय. पण मशीन ‘येत आहे’ लिहील, ‘येतंय’ कशाला? आणि नेटशिवाय आणलं कुठून? प्लगइन बंद केलं, ‘लीव्ह’ आलं. चालू केलं, ‘येतंय’. साठवलेल्या शब्दांची सगळी यादी चाळली, त्यात हा शब्दच नाही. बटण दाबलं तर मुखपृष्ठावर जायला हवं, ते फिरून त्याच पानावर. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच.

वैतागून उठलो. गॅलरीत जाऊन नेट जोडू म्हटलं. ‘चला, जातो,’ असं मोठ्याने पुटपुटलोसुद्धा.

दार उघडेना.

कडी लावलेली नव्हती. लाकूड फुगायला पावसाळा नव्हता. खांदा दिला, लाथ घातली, दोन्ही फळ्या भिंतीत चिणल्यासारख्या गच्च. हाका मारल्या. मागच्या खिडकीला गज, आणि गजांपलीकडे शेजारच्या टॉवरची आंधळी भिंत. सावंतकाकांचं नाव घेऊन घसा बसेपर्यंत ओरडलो. तीन वाजले, साडेतीन... घामाने शर्ट भिजला आणि मला खरंच भीती वाटायला लागली.

मग पुन्हा त्या बटणाकडे पाहिलं. तो शब्द प्रमाण मराठी नव्हताच. तो मालवणी होता. आमच्याकडे ‘मी येतंय’ म्हणजे ‘मी येतो’.

आमच्या आईचा एक नियम होता. घरातून निघताना ‘जातंय’ म्हणायचं नाही. कुणी म्हणालंच तर ती दारात आडवी उभी राहायची. ‘जातंय म्हणूचा नाय. हय बस. पाणी पी. येतंय म्हण, मगे जा.’ मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिने एकदा असं परत बसवलं होतं.

मी डोंबिवलीला फ्लॅट घेतला तेव्हा ती यायला तयार नव्हती. खूप भांडलो. शेवटी बॅग उचलली आणि मुद्दाम, तिला टोचावं म्हणून, ‘जातंय मी’ म्हणालो आणि जिना उतरलो. वरून, कठड्यापाशी उभी राहून तिने हाक मारली, ‘येतंय म्हण रे.’ मी मान वर केली नाही. पुढचे दहा दिवस फोनही केला नाही. अकराव्या दिवशी सकाळी सावंतकाकांचा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत ती गेली होती.

तरी अर्धा तास मी हट्टाने गप्प बसलो. इंजिनिअर माणूस, लॅपटॉपचं ऐकून दाराशी बोलू? शेवटी जिथे तिचा स्टोव्ह असायचा तिथे फरशीवर बसलो. बाटलीतलं घोटभर पाणी प्यायलो. आणि इतक्या वर्षांनी, रडत रडत म्हणालो, ‘आये... येतंय गे.’

उठून हात लावला. दार नेहमीसारखं करकरत उघडलं.

सावंतकाका जिन्यातच होते. ‘बहिरो झालंस काय रे? दोनदा येवन गेलंय. दार सताड उघडा, आणि तू आपलो लॅपटॉपात. हाक मारलंय तर ओ पण दिलंस नाय.’ मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

पुढे नेट जोडून खऱ्या साइटवर तेच पान चढवलं. तिथे बटणावर आलं — ‘बाहेर पडा’. आजही तेच आहे. ‘येतंय’ फक्त माझ्या लोकल कॉपीवर. प्लगइन अपडेट मागतं, मी देत नाही. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा ती कॉपी उचलून आणली, तर प्लगइन दोन दिवस चालेना, आणि ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जुन्या लॅपटॉपच्या सगळ्या सेटिंग जशाच्या तशा ठेवल्या तेव्हा कुठे चाललं.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, कुठेतरी जुना शब्द साठलेला असेल, डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. असेलही. मी तो कोड ओळ न् ओळ वाचलाय, मला कारण सापडलेलं नाही. पण मी आईला ‘येतंय’ म्हणून निघालो, आणि पंधरा दिवसांत ती खोलीच पाडली. आता परत यायचं म्हटलं तर तेवढं एकच पान उरलंय. रोज कामाला बसण्याआधी एकदा उघडतो.