हळदीकुंकू लागलेली कॅसेट

माझ्या दिवाणखान्यातल्या कपाटात देव नाहीत, ट्रॉफ्या नाहीत, कपबशांचे सेट नाहीत. तिथे उघडेबंब इटालियन पैलवान आहेत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इटलीत असल्या चित्रपटांचं पेव फुटलं होतं. नायक अंगाने दांडगा, कमरेला आखूड झगा, पायात चामडी पट्ट्यांच्या चपला आणि समोर एखादा दुष्ट राजा. नायकाने साखळदंड तोडायचे, खांब पाडायचे, राजवाडा कोसळला की निघून जायचं. असे चित्रपट मी कॅसेटवर, व्हीसीडीवर, डीव्हीडीवर, मिळेल त्या रूपात जमवते. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहायला श्रीरामपुरात, वय विचारू नका.

लोक हसतात, हसू देत. माझी वहिनी तर पाहुण्यांदेखत म्हणते, "आमच्या वन्संना या वयात उघडी माणसं बघायचा नाद हाय." मी तिला सांगते, "तुला घरातच पैलवान मिळाला, मला विकत आणावे लागले." मग ती पदर तोंडाला लावून आत पळते.

पण खरं सांगू? मला माणसांपेक्षा खांबांचं जास्त कुतूहल. संगमरवरी खांब कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चक्क एक टप्पा उडी मारतो! ते कशाचे करत असतील? लाकडी सांगाड्यावर कापड ताणून प्लास्टर फासत असतील, की आतून सगळं पोकळ? नायक डोंगराएवढा दगड उचलतो तेव्हा दंडाची शीर फुगते, पण पायाखालची वाळू जराही दबत नाही. हे मी तीनदा मागे नेऊन बघितलंय. एका चित्रपटात बुडालेलं जहाज दुसऱ्यात पुन्हा बुडतं, तेच शीड, तीच लाट. एका गुलामाच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा वण आहे. आणि मागचे उघडेबोडके डोंगर पाहिले की वाटतं, हे कसलं रोम, हे तर आपल्या जामखेडकडचे माळ. हे सगळं मी वहीत चित्रं काढून टिपून ठेवते. कुणी सांगितलंय? कुणीच नाही. माहीत नसलं की मला चैन पडत नाही, एवढंच.

मिळतात कुठे, असं विचाराल तर रद्दीवाल्याकडे, पुण्याच्या जुन्या बाजारात, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या माळ्यावर. एक माझ्या भाच्याने परदेशातून आणली, तिच्यात बोलणं इंग्रजी, खाली अक्षरं कुठल्याशा तिसऱ्याच भाषेतली. माझं काही अडलं नाही. असल्या गोष्टीत कोण वाईट आहे ते दाढीवरून कळतं.

या सगळ्या पसाऱ्यातली पहिली कॅसेट मात्र मी पस्तीस वर्षं एकदाही लावली नव्हती, कारण ती मी चोरली होती. म्हणजे चोरली असं नाही, चूक झाली. आणि चुकीवर मी खोटं बोलले.

माझा थोरला भाऊ पैलवान. आम्ही श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. दादाची कुस्ती सगळ्या गावाने बघावी आणि सख्ख्या बहिणीने बघू नये, असा तेव्हाचा दंडक होता. मुलींनी कुस्तीच्या फडाकडे फिरकायचं नाही. का, तर नाही. दादाची सगळ्यात मोठी कुस्ती झाली ती खर्ड्याच्या बाजूला, एका गावच्या जत्रेत. आमच्यापासून लांबचं गाव, त्यामुळे सोबत फक्त त्याचे वस्ताद गेले होते. दादा फेटा बांधून परत आला, "मारली कुस्ती," म्हणाला आणि आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिथल्या एका व्हिडिओवाल्याने सगळ्या कुस्त्यांचं शूटिंग केलं होतं, त्याची कॅसेट दादाला भेट मिळाली होती. आमच्याकडे मशीन नव्हतं. भाड्याने आणू, शेजाऱ्यांकडे लावू म्हटलं की दादा म्हणायचा, "दुसऱ्याच्या मशीनवर कॅसेट खराब हुती. आपलं आलं की बघू." आम्हाला ते पटायचं.

त्या साली खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. विळा, कोयता, दादाचे मुद्गल, लंगोट, तो फेटा आणि त्यांच्या रांगेत ती कॅसेट. आईने अंगठ्याने कॅसेटवरही हळदकुंकू लावलं, वर पाणी शिंपडलं. त्या पाण्याने कॅसेटवरची नावाची चिठ्ठी निघून गेली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या महिन्यात मी श्रीरामपूरच्या लायब्ररीतून पहिल्यांदा एक इटालियन पिक्चर आणला. मी तेव्हा चित्रकलेचा डिप्लोमा करत होते आणि माणसाच्या पाठीचे स्नायू मला काही केल्या जमत नव्हते. फडावर जायला बंदी, दादा उघडा बसला तर आई मला बाहेर पिटाळायची, मग शिकायचं कुठून? तो पिक्चर बघून मी वेडीच झाले. संध्याकाळी परत द्यायचा होता. शेजाऱ्यांचं मशीन होतं, भाड्याचं एक होतं, दोन्ही वायरने जोडून उतरवून घ्यायचं ठरवलं. कोरी कॅसेट नव्हती. पण आमच्याकडे चुलतबहिणीच्या लग्नाची एक जादा प्रत पडून होती, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. कपाटात हात घातला. चिठ्ठी नसलेली कॅसेट, वर हळदकुंकवाची बोटं. लग्नाचीच की! दुसऱ्या कशाला हळदकुंकू लागतं? तिच्यावर पुन्हा काही उतरवता येऊ नये म्हणून कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली होती, त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं.

वर्षभराने पुन्हा खंडेनवमी आली. आई म्हणाली, कॅसेट आण. कपाटात एकच कॅसेट उरली होती, ती काढली तर तिच्यावर लग्नाची चिठ्ठी जशीच्या तशी. धावत माझ्या ट्रंकेपाशी गेले, इटालियन पिक्चर बाहेर काढला, तर त्यावरचं कुंकू आईच्या अंगठ्याचं. दादाची कुस्ती मीच पुसली होती.

दादाला सांगितलं, "उंदरांनी कुरतडली, मी टाकून दिली." त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं. कॅसेटच हाय, जीव न्हाई गेला कुणाचा." इतकं मोठं मन! त्या भाऊबीजेला त्याने मला नेहमीपेक्षा भारी साडी घेतली. मी ती नेसताना रडले. पुढे लग्न झालं तेव्हा कॅसेट ट्रंकेतून माझ्याबरोबर सासरी आली. तो पिक्चर नंतर डीव्हीडीवरही मिळाला, म्हणून कॅसेट लावायची वेळच आली नाही. धीरही झाला नाही.

गेल्या महिन्यात जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेऊन देणारा एक दुकानदार नगरला सापडला. सगळ्याच देऊन टाकल्या, त्यात तीही गेली. चार दिवसांनी त्याचा फोन, "मॅडम, एका कॅसेटमध्ये पिक्चर संपल्यावर पंधराएक मिनिटं दुसरंच काहीतरी आहे. कुस्त्या आहेत. ठेवू का उडवू?"

"खबरदार उडवलंत तर!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण बाहेर आली.

आणलं आणि लावलं. राजवाडा कोसळला, नायक निघून गेला, पडदा काळा झाला, मुंग्या आल्या आणि एकदम हलगी. धुरळा, फेटे, झाडावर चढलेली माणसं. आणि मधोमध माझा दादा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. काय पाठ होती हो! इटलीवाले झक मारतात. मी हातातला चहा विसरले. पाच मिनिटं दोघांची झटापट चालली, मग समोरच्याने खाली वाकून दादाचा पाय धरला, पट काढला आणि माझा दादा चीत. दोन्ही खांदे जमिनीला. पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला.

मी पुन्हा लावलं. पुन्हा दादाच चीत. फेटा तर हरलेल्यालाही बांधतात, हे मला तीस वर्षांची मास्तरकी करूनही सुचलं नव्हतं.

आधी संताप आला. पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी मनातल्या मनात नाक घासलं आणि हा माणूस त्या दिवशी सुटलो म्हणून खूश! म्हणे जीव नाही गेला कुणाचा. ती साडी म्हणजे चक्क लाच होती. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि बेलापूरची रिक्षा धरली.

बेलापुरात वेगळंच चाललं होतं. दादाची नात, सोळा वर्षांची, आता कुस्ती खेळते. काळ बदलला तो असा. तिला दादानेच तयार केलं. पण जिल्ह्याच्या निवडीत ती अर्ध्या मिनिटात पडली आणि त्याला नऊ दिवस झाले, पोरगी तालमीत गेली नव्हती. बूट माळ्यावर फेकले होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, जेवते पन दोन घासच. म्हनती, आबा जल्मात हरले न्हाईत आन् मी त्यांचं नाव घालवलं. आता न्हाई खेळनार."

मी दादाला अंगणात गाठलं. गुडघ्याला तेल लावत बसला होता. म्हटलं, "उंदरांनी सगळी नाही कुरतडली. शेवट राहिलाय."

त्याचा हात थांबला. "कशाचा?"

"तुझ्या कुस्तीचा. माझ्या एका इटालियन पिक्चरच्या मागे निघाला."

मी घरून रचून आणलेलं सगळं भांडण त्याचं तोंड बघून विसरले. तो म्हणाला, "पोरीला न्हाई दाखवायचं. ती माझ्याच नावावर खेळती."

"खेळती? ती तर माळ्यावर बूट टाकून बसलीय. तुझ्याच नावामुळे."

"तुला न्हाई कळायचं," म्हणाला आणि उठून आत गेला. मला या वाक्याची लहानपणापासून चीड आहे. पण नात त्याची, लाज त्याची. मी कोण परस्पर दाखवणारी?

दुपारी जेवणं झाल्यावर पोरीला म्हटलं, "चल, तुझ्या आजीला आवडत नाही असला पिक्चर लावते." ती नको नको म्हणत उशी पोटाशी घेऊन बसली. दादा मागे खाटेवर होता. तो पिक्चर मी मुद्दामच लावला असं त्याला वाटलं असेल, आणि थोडं ते खरंही होतं. पण रिमोट मी हातातच ठेवला होता. राजवाडा कोसळला की बंद करायचं, असं मी देवाशपथ ठरवलं होतं.

पोरगी अर्ध्या तासाने उशीवरून मान काढून म्हणाली, "आत्याआजी, हा काय दगड उचलतोय? कंबर वाकवून कोण उचलतं? मणका जाईल की." मग म्हणाली, "साखळी आधीच तुटलेली आहे, ती बघा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्ख्या खानदानात माझ्यासारखं बघणारं पहिल्यांदा कुणीतरी निघालं होतं. खांबाने टप्पा खाल्ला तेव्हा आम्ही दोघी एकदमच "बघ!" म्हणून ओरडलो.

राजवाडा पडला. नायक डोंगराकडे चालू लागला. मी रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," मागून दादा म्हणाला.

मी वळून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, टीव्हीकडे बघत होता. "चालू दे म्हनलं ना. पिक्चर संपला न्हाई अजून."

पडदा काळा झाला. मुंग्या, मग हलगी. पोरगी म्हणाली, "हे काय? हे कोण?" आणि लगेच ओळखलं. "आबा! आबा तुम्ही?" उशी खाली पडली. ती गुडघ्यांवर पुढे सरकत टीव्हीपाशी गेली. वहिनी दारात येऊन उभी राहिली. पाच मिनिटं घरात फक्त हलगी वाजत होती. मग पट निघाला, खांदे टेकले, दुसऱ्याचा हात वर झाला.

मला वाटलं, झालं, पोरगी आता उठून आत जाईल आणि दादा पुन्हा कधी माझं तोंड बघणार नाही.

"मागं घ्या," पोरगी म्हणाली. मी मागे घेतलं. "थांबवा." थांबवलं. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "उजवा पाय पुढं राहिला. माझाही तस्साच राहिला होता. आबा, हा पवित्रा तुम्हीच शिकवलाय मला!"

"व्हय," दादा म्हणाला. "मीच."

"आणि तुम्ही हरला होता?"

"लई वेळा. ही येक दिसली."

मी पुढे चालू केलं. कॅमेरा जिंकलेल्याच्या मागे गेला, गुलाल उडाला, कोपऱ्यात दादा सदरा चढवत होता. एका बाहीत हात घातला, काढला, पुन्हा घातला. पोरगी एकदम फसकन हसली, नऊ दिवसांत पहिल्यांदा. "आबा, सदरा उलटा घातलाय तुम्ही! शिवण बाहेर आलीय."

"मग? डोळ्यात पानी हुतं. दिसतंय कुठं."

ती हसायची थांबली. पडद्यावर दादा उलटा सदरा घालून, हातात चपला घेऊन गर्दीतून बाहेर चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"काय करनार? पाचला उठलो, तालमीत गेलो."

पोरगी उठली. माळ्याखाली स्टूल ओढून वर चढली आणि चाचपडत आपले बूट काढले. त्यांच्यावरची धूळ टी-शर्टला पुसत खाली उतरली आणि म्हणाली, "आबा, मला पण पाचला उठवा. आणि पायाचं काय ते आधी तुम्ही शिकून घ्या."