आवाज बंद करून पाहिलेली दासी

अमीनाबादच्या बाजारात गेले की मी एकाच म्हाताऱ्या बांगडीवालीकडे बांगड्या भरते. ती हात असा दाबते की दुखतच नाही. समोर मोबाइलवर नवाबांची मालिका चालू असते. तिची खापरपणजी म्हणे त्याच नवाबांच्या महालात बेगमेची दासी होती. मालिकेत ती दासी बेगमेला विष देणार, असं आठवडाभर जाहिरातीत दाखवत होते.

परवा शेजारचा दुपट्टेवाला तिला चिडवत होता, "चाची, तुम्हारे हाथ की चाय अब नहीं पिएँगे!"

"चल हट मुए! उसने तो आख़िरी साँस तक बेगम की ख़िदमत की. सीरियलवालों ने मसाला डाला है," ती म्हणाली.

तेवढ्यात दासी पडद्यावर आली. म्हातारीने आवाज बंद केला, पण नजर हलवली नाही.

मी भीतभीत म्हटलं, "इतना झूठ है तो मत देखिए न."

"घर में उसकी एक तस्वीर तक नहीं, बिटिया. यहाँ चलती-फिरती तो है."

दासीने बेगमेपुढे पेला धरला. बांगडी माझ्या पंजावरच थांबली.

"शरबत दे रही है," म्हातारी हळूच म्हणाली.

"हाँ चाची," मी म्हटलं, "गर्मी भी तो कितनी है."