कूलर बंद करून वाजवा

बॅगपाइप शिकायचा असेल तर पयले घरातला कूलर बंद करा. हसू नका बाप्पा, खरं सांगून राहिली. माहे दोन महिने त्या कूलरनं खाल्ले.

जठारपेठेत माही भाजीची गाडी आहे. वय सत्तेचाळीस. फौजेतून रिटायर झालेले पातूरकडचे एक सर बायांचं बॅगपाइप पथक उभं करून राहिले, असं एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी मैदानावर हजर. सर म्हणे, "झांजा घ्या बाई, सोप्या असतात." मी म्हटलं, "सोपंच करायचं असतं तर घरीच बसली असती. मले ते पिशवीवालंच पायजे."

तीन महिने त्यांनी पिशवीले हात लावू दिला नाही. नुसती बोटांची नळी, भोकांवर बोटं फिरवत राहायचं. कंटाळा येते, पण येऊ द्या. बोटं न पाहता पडाले लागेपर्यंत पिशवी मागू नका. मग पिशवी आली. तोंडानं फुंकायचं, कोपरानं दाबायचं, आणि श्वास घेताना सूर खाली पडू द्यायचा नाही. गाल फुगवू नका, दहा मिनिटांत ओठ सुटतात.

एक मेच्या संचलनात वाजवायचं, हे मी मनात पक्कं धरलं होतं. पण पिशवी घरी आणली त्या पहिल्याच दुपारी शेजारीण कुंपणावरून ओरडली, "तुमच्या घरी डुक्कर कापून राहिले काय?" लाज वाटली मले. उन्हाळा लागलाच होता, म्हणून मी खोलीचं दार लावलं, कूलर फुल सोडला आणि त्याच्या घरघरीत वाजवाले लागली. मस्त वाटे. शेजारीण गप, आणि मले माहं वाजवणं एकदम गोड लागे.

एप्रिलच्या मधात सरांनी एकेकीले वाजवाले लावलं. माह्या पाळीले उघड्या मैदानात सूर नुसता वर-खाली, वर-खाली. सगळ्या बाया खाली मान घालून हसल्या. सरांनी विचारलं, "घरी कूलर लावून वाजवता काय?"

"हो, फुल सोडून," मी म्हटलं.

"कूलरनं सगळं झाकलं. यंदा झांजा घ्या. पुढच्या वर्षी पाहू."

"पुढचं वर्ष कोणी पाह्यलं? मले तीस तारखेपर्यंत वेळ द्या, सर."

त्या दुपारी मी कूलरचं बटन बंद केलं आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या. घामानं पिशवी काखेतून सटके. आणि बाप्पा, काय घाण वाजवत होती मी! रडूच आलं. मग समजलं, श्वास घ्यायले फुंकणं थांबलं की कोपर उशिरा दाबून राहिला. गाणं सोडून दिलं. एकच सूर धरायचा, श्वास घ्यायचा, तो हलला की पुन्हा पयल्यापासून. रोज अर्धा तास, जास्त नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारीण फाटक उघडून आतच आली. बोलत होती, हात नाचवत होती. एरवी मी तिले एकाच्या चार सुनावल्या असत्या, पण तोंडात नळी! तिच्याकडे पाहत सूर धरून उभी राहिली. थकली बिचारी. "अजून किती दिवस?" म्हणे. मी नळी काढली, "जमेपर्यंत," म्हटलं, आणि पुन्हा फुंकली. नवरा म्हणे, लोक काय म्हणतील? म्हणू दे ना! गल्लीत दिवसभर भोंगे वाजतात तवा लोक कुठं जातात?

तीस तारखेले सकाळी मैदानावर सरांपुढं उभी राहिली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात श्वास घेताना सूर जरासा हलला. सरांनी हात वर केला, "बस."

मी मान हलवली. नाही. सूर न तोडता पयल्यापासून धरलं. त्यांनी पुन्हा हात केला, मी डोळे मिटून घेतले. छाती फुटाले आली, पण कोपर वेळेवर दाबत गेली, सूर जागचा हलला नाही. शेवटपर्यंत वाजवलं, मगच पिशवी सोडली.

"थांबा म्हटलं तर थांबत काहून नाही तुमी?" सर चिडले होते.

"थांबली असती तर तुमी झांजाच दिल्या असत्या."

सरांनी बायांची यादी उघडली आणि खाली मान घालूनच बोलले, "उद्या पिशवीवाल्यांच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या उभ्या राहजा."