कोवळा रंग आणि बांगड्यांवरचा मोजा

तुमचे आजोबा गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी आणि माई स्वयंपाकघरात होतो. ईशा, निहार, तुम्हाला माहीत आहेच, माई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. आमच्याच बोरीवलीच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहते. फोन ठेवल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि तिची बोटं माझ्या हिरव्या बांगड्यांवर आली. "सुमन, ह्या आता काढायला हव्यात गं." मी हात मागे घेतला. म्हटलं, "नाही माई, ह्या राहतील." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं." त्यानंतर ती येत राहिली, डबा आणत राहिली, पण बोलणं कामापुरतंच.

मी नाही का म्हटलं ते कळायला तुम्हाला माझ्याबरोबर खाली पार्किंगमध्ये यावं लागेल. तिथे आपली गोल दिव्यांची जुनी गाडी आहे. तुमच्या बाबांना जन्मानंतर आम्ही तिच्यातूनच घरी आणलं. पुढे ती कव्हरखाली गंजत पडली. रिटायर झाल्यावर आजोबांनी ती पूर्ण उघडली, आणि काही महिन्यांपूर्वी तिचा रंगवलेला आकाशी सांगाडा टेम्पोतून परत आला, लोखंडी स्टँडवर चढला. आता खाली स्प्रिंगा, धक्के झेलणारे शॉकप आणि चाकांना धरणारे आर्म परत बसवायचे होते. जड लोखंड, नट आवळायचे लांब पाने आणि वर नवाकोरा रंग! "हाताला वाळलेला लागतो," आजोबा सांगायचे, "पण आतून अजून कोवळा आहे." म्हणून चिकटपट्टी लावायची नाही, निघताना रंग घेऊन येईल. प्लॅस्टिक घालायचं नाही, खाली घाम धरेल. माझ्या मऊ सुती साड्या मडगार्डवर पसरायच्या, त्याही झटकून, कारण एक खडा राहिला तरी रेघ उमटते. मडगार्डच्या कडेवर बागेची नळी उभी चिरून बसवायची. जवळ येणाऱ्यानं घड्याळ, अंगठी, पट्टा, सगळं काढून यायचं.

मी उजेडाला बॅटरी धरायला खाली गेले त्या पहिल्या दिवशी ते गाडीखालून ओरडले, "अगं, बांगड्या काढून ये!" माई बाकावर बसून शेंगा सोलत होती. ती उसळलीच. "बाळू, जिभेला काही हाड? असं बोलतात बायकोला?" आजोबा सरपटत बाहेर आले, चेहरा ग्रीसनं काळा. मग ते वर गेले आणि आपला ऑफिसचा काळा पायमोजा पुढून कापून घेऊन आले. माझ्या मनगटावर तो चढवला, बांगड्या आत नीट सारल्या. "झालं? रंगही वाचला, बांगड्याही वाचल्या." माई म्हणाली, "नशीब, धुतलेला आहे." तेव्हापासून दोन्ही हातांचे दोन मोजे हत्यारांच्या पेटीत असायचे. बांगड्या काढायच्या नाहीत, सांभाळायच्या, हे आमच्या घरात त्या दिवशीच ठरून गेलं. बाकी आयुष्यातही त्यांनी मला काही काढून ठेवायला लावलं नाही. नोकरी नाही, माझी मतं नाहीत. जागा करून घेतली. हॉस्पिटलमधून फोन आला त्या दुपारी हे सगळं माईला न सांगता मी नुसतं 'ह्या राहतील' म्हटलं.

उजवी बाजू आणि मागचं डावं चाक त्यांनी पूर्ण केलं. पुढचं डावं चाक राहिलं.

गेल्या रविवारी ते बसवायला मी मेकॅनिक बोलावला. साड्या मीच झटकून पसरल्या, नळी चढवली. माई बाकावर येऊन बसली होती, हातात शेंगा नव्हत्या. मेकॅनिक पाना घेऊन वाकला तशी मी म्हटलं, "भैया, पहले बेल्ट उतारो." तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. "आंटी?" मी पट्ट्याचं बक्कल दाखवलं, मग मडगार्ड दाखवला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आणि माई हसली... आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून.

चाक लागलं, गाडी जमिनीवर आली, तिच्या वजनाखाली शेवटचे नट आवळले गेले. मी फडकं घेऊन नवा आकाशी पत्रा पुसायला लागले. माई कधी वर गेली कळलंच नाही. परत आली तेव्हा तिच्या कोरड्या, सुरकुतलेल्या मनगटात एकच हिरवी काचेची बांगडी होती. कुठे जपून ठेवली होती, मी विचारलं नाही. तिनं हात पुढे केला.

"बघतेस काय? मोजा दे," ती म्हणाली. "बाळूचा रंग अजून कोवळा आहे ना?"